मामाच्या काळ्या पडलेल्या अंगठ्यासाठी शांघायहून चिनी काढा आणावा का?

हुआंगपू_काठ
नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं नोकरीनिमित्त शांघायला आहे. एरवी मी इथे नुसती वाचते, पण आज घाईने धागा काढतेय.

प्रश्न माझ्या धाकट्या मामाचा आहे. वय 44, सिन्नरजवळ शेती. विसाव्या वर्षापासून विडी, दिवसाला दोन बंडलं. साखर नाही, बीपी नाही. दोन महिन्यांपूर्वी उजव्या पायाचा अंगठा गार पडून निळसर झाला, आता टोकाला काळा पडलाय. रात्री आडवा झाला की असा ठणका लागतो की मामा पाय पलंगाखाली लोंबता सोडून बसून राहतो. मामी सांगते, पंधरा दिवसांत तो सलग दोन तास झोपलेला नाही. जवळच्या दवाखान्यात "नस आखडली आहे" म्हणून गोळ्या मिळाल्या.

इथे माझ्या घरमालकीणबाईंच्या भावाला सहा वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं. चिनी वैद्यकात याला तुओ-च्यू म्हणतात, म्हणजे गळून पडणारं गळू. त्याला पारंपरिक चिनी औषधांच्या रुग्णालयात चार वनस्पतींचा काढा दिला, सी-म्याओ योंग-आन थांग. बोटाचं टोक तेवढं गेलं, पाय वाचला. बाईंनी कालच मला त्या रुग्णालयाच्या औषधखान्यात नेलं. भिंतभर लाकडी खण, एकेका खणावर दोन-तीन औषधांची नावं. तिथल्या मुलीने तराजूवर तोलून कागदावर चार ढीग घातले: पिवळट वाळक्या कळ्या, काळ्याभोर मुळीच्या चकत्या, ओव्याच्या जवळपासचा उग्र वास येणारी एक मुळी, आणि चौथी हातात घेतल्याबरोबर ओळखली, आपलं ज्येष्ठमध!

पुढच्या आठवड्यात मी घरी येतेय. महिन्याभराची पुडकी आणू का? कुणाला अनुभव आहे?

भातुकली
अगं, काळा पडलाय म्हणजे आधी मोठ्या डॉक्टरांकडे ने. काढ्याचं मागाहून बघता येईल.

डॉ_रानवारा
हुआंगपू_काठ, मी रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे. तुम्ही लिहिलेलं वाचून मला पुढच्या आठवड्याची वाट बघवत नाही. मामांना उद्याच नाशिकला हलवा.

पन्नाशीच्या आतला पुरुष, वीसेक वर्षांची विडी, मधुमेह नाही, दुखणं बोटापासून सुरू, रात्री पाय लोंबता ठेवला की बरं वाटतं. आमच्या ओपीडीत असा माणूस आला की पहिला संशय बर्गर्स डिसीजचा. लिओ बर्गर यांनी 1908 मध्ये न्यूयॉर्कमध्ये याचं सविस्तर वर्णन केलं म्हणून हे नाव. यात हातापायांच्या बारीक आणि मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येते आणि आत गुठळ्या धरून त्या बुजतात. पाय लोंबता सोडला की गुरुत्वाकर्षणाने थोडं रक्त खाली उतरतं, म्हणून ठणका कमी होतो. रोगी ही युक्ती आपली आपणच शोधून काढतो.

ताबडतोब करायच्या गोष्टी. दोन्ही पायांचा डॉपलर, म्हणजे रक्त कितपत वाहतंय ते ध्वनिलहरींनी बघायची तपासणी. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, ते 0.9 च्या खाली आलं तर अडथळा आहे असं धरतात. बर्गर्स अगदी टोकाच्या वाहिन्यांत असेल तर घोट्याचा आकडा चांगला येऊन फसवू शकतो, म्हणून बोटाचाही दाब मोजून मागा. आणि विडी बंद. कमी करणं चालणार नाही, पूर्ण बंद. तंबाखू, गुटखा, मिश्री, सगळंच. या आजारात तंबाखू सुटली तर पाय बहुतेक वाचतो. ती चालू राहिली तर आम्ही कितीही कापलं तरी रोग वर चढत जातो. मी एकाच माणसाचं आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय काढलेला आहे. तिन्ही वेळा त्याच्या उशाखाली बंडल सापडलं.

बोट कोरडं काळं असेल तर थोडा अवधी असतो. सूज, घाण वास, पाणी गळणं, ताप, यातलं एकही दिसलं तर तो ओला गँगरीन, म्हणजे मांस कुजायला लागलेलं, त्यात तासांचा हिशोब असतो. आणि पाय एकाएकी पांढराफटक, गार आणि बधिर पडला तर साधारण सहा तास हातात असतात.

हुआंगपू_काठ
डॉक्टर, मनापासून आभार. आत्ताच मामीशी बोलले. वास नाही, ताप नाही, बोट कोरडं आहे. माझा मावसभाऊ उद्या सकाळी गाडी घेऊन जातोय.

इंद्रायणी_७७
डॉक्टरांच्या पोस्टमध्ये माझी एक भर, कारण हे आमच्या घरात घडलंय. माझ्या वडिलांचे पाय असेच गार पडायचे. आईने मायेने रोज रात्री गरम पाण्याच्या पिशवीने शेक दिला. पायाला संवेदनाच नव्हती, पिशवी किती गरम आहे हे बाबांना कळलंच नाही. सकाळी टाचेला लिंबाएवढा फोड. रक्त पोचत नसलेल्या पायावरचा फोड भरत नाही. तो फोड पुढे अकरा महिने चालला आणि शेवटी पाय गुडघ्याखालून गेला. आई अजून ती पिशवी बघू शकत नाही.

गार पायाला शेक नको, गरम तेल नको, तिखटाचे लेप नकोत. नुसते सैल सुती मोजे आणि पांघरूण. मामींना हे आजच सांगा, त्या नक्की काहीतरी शेकत असणार.

हुआंगपू_काठ
इंद्रायणीताई, अंगावर काटा आला. विचारलं. विटेचा तुकडा तापवून फडक्यात गुंडाळून शेकत होती. थांबवलं.

चेंगदू_ते_चिंचवड
मी चीनमध्ये एमबीबीएस केलं. आम्हाला चिनी वैद्यकाचा विषय होता आणि काही आठवडे त्या वॉर्डात काढावे लागले, त्यामुळे घरमालकीणबाईंच्या भावाचं नेमकं काय झालं असेल याची मला कल्पना आहे.

तिथलं पारंपरिक रुग्णालय म्हणजे जडीबुटीचं दुकान नाही. 1950 च्या दशकात सरकारने पाश्चात्त्य शिकलेल्या डॉक्टरांना चिनी वैद्यक शिकायला लावलं. 1956 मध्ये बीजिंग, शांघाय, क्वांगचौ आणि चेंगदू इथे पहिली चार महाविद्यालयं निघाली. आज अशा रुग्णालयात तुमचा सीटी होतो, रक्त तपासलं जातं, सलाईन लागतं, जखम साफ होते, गरज पडली तर बोट काढतात, आणि त्याच्या जोडीने सकाळ-संध्याकाळ काढ्याची कोमट पिशवी हातात येते. काढाही बऱ्याचदा रुग्णालयच उकळून हवाबंद पिशव्यांत देतं. त्यामुळे "काढ्याने पाय वाचला" हे बाईंचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धं आहे. भावाने सिगारेट सोडली होती का, हे त्यांना जरूर विचारा.

काढ्याबद्दल थोडं. हा 1846 च्या यान-फांग शिन-प्यान या ग्रंथात आहे, कर्ते पाओ श्यांग-आओ. मूळ पाठात मात्रा जबर आहे: कळ्या आणि काळी मुळी प्रत्येकी तीन ल्यांग (जुनं चिनी वजन), उग्र वासाची तांग-क्वेई दोन ल्यांग, ज्येष्ठमध एक ल्यांग. आजच्या हिशोबाने 90, 90, 60 आणि 30 ग्रॅम. रोज एक पुडी, सलग दहा दिवस. कळ्यांचं चिनी नाव आहे चिन-यिन-ह्वा, सोन्याचांदीचं फूल. वेलीवर उमलताना पांढरं, मग पिवळं, एकाच डहाळीवर दोन्ही रंग.

सह्यवेडा
सोन्याचांदीचं फूल! फार आवडलं.

वैद्य_सुरंगी
मी फोंड्याला आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. चिनी वैद्यक मी रुग्णांना देत नाही, पण आवडीने वाचते. एक मुद्दा धाग्यात आलेला नाही आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्यांच्या शास्त्राप्रमाणेही हा काढा प्रत्येक काळ्या बोटाला चालत नाही. तुओ-च्यूच्या अवस्था वेगळ्या आणि औषधंही वेगळी. पाय गार, फिकट, नाडी सुतासारखी बारीक, अशा शीत अवस्थेत तांग-क्वेई सी-नी थांग देतात. तो काढा चांग चुंग-चिंग यांच्या शांग-हान लुन या साधारण अठराशे वर्षं जुन्या ग्रंथातला, त्यात दालचिनीच्या काड्या, खजुरासारखी बोरं वगैरे उष्ण द्रव्यं. चार औषधांचा काढा याच्या उलट. लाल, सुजलेला, आग होणारा, कुजू लागलेला पाय असेल, म्हणजे त्यांच्या भाषेत उष्ण विष साचलेलं असेल, तर तो थंड काढा. मामांचा पाय गार आहे. घरमालकीणबाईंच्या भावाची पुडी मामांना दिली तर चिनी वैद्यच कपाळाला हात लावेल. आपल्याकडेही शेजारणीचा काढा "तुम्हालाही लागू पडेल" म्हणून येतोच की दारात.

आणि ज्येष्ठमध. आपण ते खोकल्याला चघळतो, निरुपद्रवी समजतो. रोज 30 ग्रॅम पोटात जायला लागलं तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं, पायावर सूज येते. महिन्याभराची पुडकी कुणाच्या देखरेखीशिवाय देणं मला पटत नाही.

खडकवासला_एक्स्प्रेस
मला स्पष्ट बोलायचंय, कुणी राग मानू नये. बर्गर्समध्ये तंबाखू सोडली की रोग थांबतो, हे डॉक्टरांनी वर लिहिलंय. मग तंबाखू सोडलेल्या माणसाला काढा दिला आणि पाय वाचला, तर श्रेय काढ्याला का? हे वेगळं काढायचं तर दोन गट हवेत, दोघांची तंबाखू बंद, एकाला काढा आणि दुसऱ्याला तशाच चवीचं पाणी. या काढ्यावर चीनमध्ये निबंध ढिगाने निघतात, पण मी वाचलेल्या बहुतेकांत रुग्ण थोडे आणि कोणाला काय दिलं हे डॉक्टरलाही माहीत. "परंपरा आहे" एवढ्यावर मी माझ्या माणसाचा पाय पणाला लावणार नाही.

चेंगदू_ते_चिंचवड
@खडकवासला, तुमचा प्रश्न रास्त आहे. मात्र सगळं एका झोळीत टाकू नका. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतले अस्थिशल्यविशारद लिउंग पिंग-चुंग यांनी मधुमेही पायाच्या न भरणाऱ्या जखमांवर वनौषधींचा अभ्यास केलेला आहे. त्यांच्या पुढच्या कामातली मुख्य जोडी ह्वांग-ची आणि ती-ह्वांग या दोन मुळ्यांची. माणूस स्वतः सर्जन, त्यामुळे जखम साफ करणं, प्रतिजैविकं, साखर आटोक्यात ठेवणं हे सगळं चालूच, वनस्पती त्याच्या जोडीला. मला ही वाट प्रामाणिक वाटते. आणि चिनी शास्त्रज्ञ थू यौ-यौ यांनाही जुन्या ग्रंथातल्या एका ओळीवरूनच मलेरियाच्या औषधाचा धागा मिळाला, 2015 चं नोबेल त्यावर आहे.

खडकवासला_एक्स्प्रेस
थू यौ-यौ यांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे! त्यांनी काढा तसाच वाटला नाही. त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढलं, आधी प्राण्यांवर तपासलं, मग स्वतःवर घेऊन पाहिलं. त्या ओळीत वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितलंय, उकळायला नाही. ते वाचून त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला आणि तेव्हा तो लागू पडला. परंपरेचा मान राखणं मी याला म्हणतो.

सह्यवेडा
हा मुद्दा दोघांचाही झाला की.

मरीना_बे_मावशी
मी सिंगापूरला पंचवीस वर्षं आहे. इथे चिनी वैद्यांची सरकारदरबारी नोंदणी होते, गल्लीत त्यांचे दवाखाने आहेत, आणि मी स्वतः पाठदुखीला गेलेली आहे, गुणही आला. मी त्यांच्या विरोधात नाही.

पण सासूबाईंचं सांगते. हृदयाची झडप बदललेली, वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, चालू. पायात गोळे येतात म्हणून ओळखीच्या एकांनी तान-शेन या चिनी मुळीच्या गोळ्या आणून दिल्या, "रक्ताभिसरणाला उत्तम". तीन आठवड्यांनी हिरड्यांतून रक्त, दंडावर तळहाताएवढे निळे डाग. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, कुठल्या कुठे गेला होता. तान-शेन आणि तांग-क्वेई दोन्ही वॉरफेरिनचा जोर वाढवतात, हे आम्हाला त्या दिवशी इमर्जन्सीत कळलं. गोळ्या देणाऱ्याने दुसरं कुठलं औषध चालू आहे हे विचारलं नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नव्हतं. सासूबाई त्यातून निभावल्या.

तुमच्या मामाला आता रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू होतील. काढ्यात तांग-क्वेई आहे. त्यामुळे जे काही द्याल ते सर्जनला दाखवूनच द्या.

वैद्य_सुरंगी
मावशींनी लिहिलं म्हणून आणखी एक धोका. तांग-क्वेई सी-नी थांगमध्ये शी-शिन नावाची वनस्पती आहे, ती आरिस्टोलोकियाच्या कुळातली. आणि त्याच काढ्यातल्या थोंग-त्साओच्या जागी पूर्वी क्वान-मु-थोंग सर्रास घातली जायची, ती तर खुद्द आरिस्टोलोकिया. यातलं आरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडं कायमची निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी आरिस्टोलोकिया भरली गेली आणि शंभराच्या आसपास लोकांच्या, बहुतेक बायकांच्या, किडन्या गेल्या. क्वान-मु-थोंगवर चीनने 2003 मध्ये बंदी आणली. आपल्याकडे हसण्यावारी नेऊ नये, आपली सापसण ही वेल याच जातीची आहे आणि खेड्यापाड्यांत अजून वापरतात.

जुन्या चिनी ग्रंथांत धाडस होतं आणि स्पष्टपणाही होता. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या लिंग-शूमध्ये पायाच्या बोटाच्या याच रोगाबद्दल लिहिलंय, की लाल-काळं झालं तर रोगी वाचत नाही, आणि उपचाराने उतार पडत नसेल तर लगेच छाटून टाका, नाहीतर मरण. वनस्पतींवर एवढी श्रद्धा असलेल्या लोकांनीही सुरी कधी उचलायची हे लिहून ठेवलं होतं.

डॉ_रानवारा
सुरंगीताई, हे वाक्य मला माहीत नव्हतं. "उतार पडत नसेल तर लगेच." आम्ही आजही रोज हेच सांगतो, आणि नातेवाईक आम्हालाच कसाई म्हणतात.

सोलापुरी_चादर
थोडं अवांतर. चीन आणि काळी पडलेली बोटं म्हटलं की मला आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. 1938 मध्ये गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात दोघे आपले होते, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस. उत्तर चीनच्या डोंगरांत, नाकेबंदीत, औषधं नाहीत, कडाक्याची थंडी, आणि जखमी सैनिकांची रांग. तिथे हा माणूस चिनी शिकला, रात्ररात्र शस्त्रक्रिया केल्या, आणि 1942 मध्ये वयाच्या 32 व्या वर्षी तिथेच गेला. शिजियाझुआंगला त्यांचा पुतळा आहे. सोलापुरात भैया चौकाजवळचं त्यांचं घर स्मारक म्हणून जपलंय, गेलात तर पाहून या.

भातुकली
चादर, अवांतर असलं तरी वाचून डोळे भरून आले. आता मामांचं काय झालं ते कुणी सांगेल का?

हुआंगपू_काठ
उशीर झाला, माफ करा. सहा आठवडे धावपळीत गेले.

दुसऱ्याच दिवशी डॉपलर झाला, मग अँजिओग्राफी. गुडघ्यापर्यंत वाहिन्या स्वच्छ, पोटरीत खाली गेल्यावर अचानक बंद, आणि बाजूने स्प्रिंगसारख्या वेटोळ्या बारीक वाहिन्या फुटलेल्या. सर्जन म्हणाले, बर्गर्सच. बायपास जोडायला खाली धड वाहिनीच नाही. शिरेतून औषधाचा कोर्स दिला, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. खर्चाची धास्ती होती, पण रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले योजनेच्या खिडकीवर गेलो आणि बराचसा भाग तिथे बसला.

काढा आणला नाही. खडकवासला आणि चेंगदू, तुम्ही सांगितलेला प्रश्न घरमालकीणबाईंना विचारला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सिगारेट? ती तर पहिल्याच दिवशी डॉक्टरने त्याच्या खिशातून काढून घेतली. वहिनी रोज रात्री त्याच्या बोटांचा वास घेऊन बघायची." सहा वर्षं त्या सगळ्यांना काढ्याची गोष्ट सांगत होत्या, आणि वहिनीची गोष्ट त्यात कधी आलीच नव्हती.

मामाच्या अंगठ्याचं काळं टोक मागच्या मंगळवारी ड्रेसिंगच्या वेळी आपोआप सुटून आलं. खाली लाल, ओला मांसाचा थर आहे. डॉक्टर म्हणाले, हा रंग चांगला. मामाने विडी सोडून आज 41 दिवस झाले. पहिले दहा दिवस तो घरात कुणाशी धड बोलला नाही, एकदा ताट भिरकावलं. मामीने त्याच्या सदऱ्याच्या ज्या खिशात बंडल असायचं त्यात भाजलेली बडीशेप भरून ठेवलीय. परवा रात्री तो आडवा होऊन पाच तास झोपला. मामी जागीच होती, मला सकाळी फोनवर म्हणाली, "घोरत होता गं, मी ऐकत बसले."

घरमालकीणबाईंनी माझ्याबरोबर औषधाऐवजी लोकरीचे मोजे पाठवलेत, स्वतः विणलेले, गडद निळे. मामा ते काढायलाच तयार नाही.

इंद्रायणी_७७
पाच तास! देवाची कृपा. मामींना माझा नमस्कार सांगा.

डॉ_रानवारा
फार बरं वाटलं. पण 41 दिवस म्हणजे सुरुवात. लग्नसराई येतेय, मांडवात कुणीतरी "एकच घे" म्हणणार, तेव्हा मामींना बरोबर असू द्या. आणि त्या मोज्यांची वरची कड घट्ट नाही ना, ते बघा. पोटरीवर वळ उठत असेल तर कड उसवून सैल करून घ्या. मोजे रोज रात्री काढून दोन्ही पावलं उजेडात, बोटांच्या बेचक्यांसकट तपासायची.

हुआंगपू_काठ
आत्ता मामीला फोन लावून बघायला सांगितलं. वळ उठतोय. कात्री घेऊन बसलीय.